वजन थोडे परत येईल, हे आधीच सांगा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या आयुष्यात असा एक टप्पा येतो, ज्याबद्दल त्याच्याशी आधी फारसे कोणी बोललेले नसते. पहिले वर्ष-दीड वर्ष आकडा खाली जात राहतो. कपडे सैल होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, जिना चढताना धाप लागत नाही. मग ही घसरण थांबते. काही महिने काटा एका जागी राहतो आणि एक दिवस किलो-दीड किलोने वर सरकतो. त्या दीड किलोत माणसाला आपले जुने सगळे शरीर परत येताना दिसू लागते. झोप उडते, जेवणाच्या ताटाकडे बघण्याची नजर बदलते, काटा कपाटामागे ढकलला जातो. यावर त्याला सहसा दोनच सल्ले मिळतात: मन खंबीर ठेवा आणि तोंडावर ताबा ठेवा. दोन्ही सल्ले त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. माझे म्हणणे असे की या भीतीचे मूळ स्वभावात कमी आणि अपुऱ्या माहितीत जास्त आहे, आणि ती माहिती देण्याची जबाबदारी शस्त्रक्रिया करणाऱ्यांची आहे. तळ गाठल्यावर थोडे वजन परत येते, हा या उपचाराचा नेहमीचा प्रवास आहे. तो आधीच, आकड्यांसह सांगितला गेला तर या भीतीचा मोठा भाग निर्माणच होणार नाही, आणि जो उरेल त्याच्याशी वागणे सोपे जाईल.

आकडे उपलब्ध आहेत आणि ते एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतात. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार लोकांची तुलना तितक्याच, पण शस्त्रक्रिया न झालेल्या स्थूल लोकांशी केली गेली. दोन वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटाचे वजन सरासरी 23 टक्क्यांनी कमी झाले होते. दहा वर्षांनी ही घट 16 टक्के उरली होती. दुसऱ्या गटाचे वजन दहा वर्षांत जवळपास जिथल्या तिथेच राहिले. अमेरिकेतल्या युटा राज्यात गॅस्ट्रिक बायपास झालेल्या रुग्णांचा बारा वर्षे पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. सरासरी घट दोन वर्षांनी 45 किलो, सहा वर्षांनी 36.3 किलो आणि बारा वर्षांनी 35 किलो. हे तीन आकडे प्रत्येक रुग्णाने शांतपणे वाचावेत असे आहेत. वजन परत आले, हे खरे. साधारण दहा किलो आले. पण त्यातले बहुतेक दुसऱ्या ते सहाव्या वर्षादरम्यान आले. त्यापुढच्या सहा वर्षांत सरासरी सव्वा-दीड किलोचाच फरक पडला. बारा वर्षांनी ज्यांचे वजन मोजता आले त्या 387 जणांपैकी कमी झालेले सगळेच्या सगळे वजन परत आलेले चारच होते. आता भीतीकडे पाहा. ती नेमके उलटे सांगत असते: एकदा सुरुवात झाली की आता थांबणार नाही, सगळे परत येणार. म्हणजे ज्या गोष्टीची धास्ती माणसाला खाते ती शंभरात एखाद्याच्या वाट्याला येते, आणि जी जवळपास सगळ्यांच्या वाट्याला येते तिची कल्पना त्याला दिलेलीच नसते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वरचे युटाचे आकडे बायपासचे आहेत, आणि भारतात जास्त प्रमाणात होते ती स्लीव्ह, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून त्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया. फिनलंडमध्ये या दोन्ही शस्त्रक्रियांची थेट तुलना झाली. दहा वर्षांनी, जास्तीच्या वजनापैकी किती गेले हे पाहिले तेव्हा स्लीव्हमध्ये ते सुमारे 43 टक्के आणि बायपासमध्ये सुमारे 51 टक्के होते. फरक आहे, आणि निवड करतानाच तो रुग्णाला कळायला हवा. पण दोन्हीकडे चित्राचा आकार तोच: खोल उतार, तळ, थोडा चढ, मग सपाटी.

हा चढ का येतो, याचे उत्तर आळसात शोधणारे शरीराला ओळखत नाहीत. वजन कमी झाले की चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन घटते आणि मेंदू त्याचा अर्थ उपासमार असा लावतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले की केवळ आहाराने वजन कमी केलेल्या लोकांमध्ये भूक वाढवणाऱ्या आणि पोट भरल्याची जाणीव कमी करणाऱ्या संप्रेरकांचे बदल वर्षभरानंतरही कायम होते. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेतल्या चौदा जणांची सहा वर्षांनी तपासणी झाली तेव्हा त्यांचे शरीर विश्रांतीच्या वेळी, त्यांच्या आकारमानाच्या माणसाकडून अपेक्षित असते त्यापेक्षा दिवसाला सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होते. शस्त्रक्रियेचे खरे बळ इथेच आहे. ती फक्त पोट लहान करत नाही, तर घ्रेलिनसारख्या भुकेच्या संप्रेरकांवर आणि आतड्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांवरही परिणाम करते, म्हणून शरीराचा हा प्रतिकार बराच बोथट होतो. पण तो संपत नाही. शिवाय झपाट्याने उतरलेल्या वजनात स्नायूही जातात आणि त्यामुळे कॅलरींचा खर्च आणखी घटतो. लहान झालेल्या पोटाला कोरडी पोळी, भाकरी किंवा चिकनचा तुकडा जड जातो. चहा-बिस्किट, श्रीखंड, आइस्क्रीम, उसाचा रस मात्र विनासायास उतरतो. जेवणाला बसल्यावर चार घासांत पोट भरते, आणि संध्याकाळभर येता-जाता तोंडात टाकलेला चिवडा आणि फरसाण कोणत्याच जेवणात मोजले जात नाही. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी थोडी थोडी चार वेळा खाल्ली तर तो दिवस कॅलरींच्या दृष्टीने उपवास राहत नाही आणि प्रथिनेही मिळत नाहीत. या सगळ्या गोष्टी शिकता येतात, दुरुस्त करता येतात. मात्र त्या शिकण्यासाठी माणूस आहारतज्ज्ञासमोर बसायला हवा, आणि भीती नेमकी त्याला तिथे बसू देत नाही.

गोंधळात भर म्हणजे, किती वाढले म्हणजे 'वजन परत आले' म्हणायचे यावर वैद्यकशास्त्रातच एकमत नाही. 2017 च्या एका शोधनिबंधात स्लीव्ह झालेल्या एकाच रुग्णसमूहाला प्रचलित सहा व्याख्या लावून पाहिल्या. वजन परत आलेल्यांचे प्रमाण व्याख्येनुसार 9 टक्क्यांपासून 91 टक्क्यांपर्यंत बदलले. तज्ज्ञांची ही स्थिती असेल तर घरी एकट्याने काट्यावर उभ्या असलेल्या माणसाने काय ठरवायचे? त्याच्याकडे एकच व्याख्या उरते: आतापर्यंतच्या सर्वांत कमी आकड्यापेक्षा एक ग्रॅमही जास्त म्हणजे अपयश. आदल्या रात्रीच्या लोणच्या-पापडातल्या मिठाने, पाळीच्या आधीच्या दिवसांत, बद्धकोष्ठाने शरीरात किलो-दोन किलोचा फरक सहज पडतो. तोही मग गुन्हा ठरतो. मापाची खूण नसली की प्रत्येक हालचाल धोक्याची वाटते.

भीती नुसती त्रास देऊन थांबली असती तर एक वेळ सोसली असती. पण ज्या गोष्टीला माणूस भितो तीच घडवून आणायला ती हातभार लावते. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक यांनी केलेला प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. खाण्यावर सतत कडक निर्बंध ठेवणाऱ्या मुलींना आधी मिल्कशेक प्यायला दिला, तर पुढ्यात आलेले आइस्क्रीम त्यांनी कमी नव्हे, जास्त खाल्ले. निर्बंध न ठेवणाऱ्यांनी कमी खाल्ले. नियम एकदा मोडला की 'आता गेलेच सगळे' ही भावना उरलेला दिवस गिळते. ज्याच्या डोक्यात एक किलो म्हणजे सर्वनाश असतो त्याच्यासाठी प्रत्येक चुकलेला घास हा असा मोडलेला नियम असतो. दुसऱ्या टोकाला काही जण इतके कमी खातात की प्रथिने, लोह आणि बी-12 यांची कमतरता निर्माण होते, केस गळतात, चालण्याचेही त्राण उरत नाही आणि स्नायू आणखी झडतात. तिसरा आणि माझ्या मते सर्वांत घातक परिणाम म्हणजे लपणे. काटा टाळायचा, तपासणीची तारीख टाळायची, डॉक्टरांचा फोन टाळायचा. दोन-तीन किलोवर जे प्रश्न सहज सुटले असते ते वीस किलोवर समोर येतात. शस्त्रक्रियेनंतर मनाकडे लक्ष देणे हा काही शोभेचा भाग नाही, हे आणखी एका आकड्यावरून समजावे. युटातल्याच 2007 च्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकूण मृत्यू 40 टक्क्यांनी कमी होते, परंतु आजाराव्यतिरिक्तच्या कारणांनी, म्हणजे अपघात, आत्महत्या यांनी होणारे मृत्यू 58 टक्क्यांनी जास्त होते. त्यामागे एकच कारण नाही, आणि वजनाच्या भीतीवर ते सगळे टाकणे चूक ठरेल. पण शरीर हलके झाले की मन आपोआप हलके होते, हा समज त्या आकड्यापुढे टिकत नाही.

आणि समाज ही भीती रोज ताजी ठेवतो. आपल्याकडे भेटल्याबरोबर शरीरावर शेरा मारणे हे आपुलकीचे लक्षण समजले जाते. लग्नात, हळदीकुंकवात, बारशात 'किती बारीक झालीस गं' असे कौतुक होते तेव्हाच पुढच्या वेळी 'परत सुटलीस का?' हे ऐकावे लागेल, याची खूणगाठ त्या बाईच्या मनात बांधली जाते. पुरुषांना हे ऐकावे लागत नाही असे नाही, पण बाईचे शरीर सगळ्या नातेवाइकांच्या मालकीचे असल्यासारखी चर्चा तिच्यासमोर होते. त्यात शस्त्रक्रियेवर लाखो रुपये खर्च झालेले असतात. कधी सासरच्यांनी, कधी वडिलांच्या ठेवीतून दिलेले. 'एवढे पैसे घालून काय उपयोग' हे वाक्य कोणी उच्चारले नाही तरी ते घरात वावरत असते. शिवाय 'शॉर्टकट मारला' हा आरोप आधीपासूनच असतो. वजन उतरले तर श्रेय शस्त्रक्रियेचे, वाढले तर दोष माणसाचा, अशी ही विभागणी आहे. इतक्या अन्यायकारक हिशेबात माणूस भ्यायला नाही तरच नवल. जगभरातल्या वैद्यकीय संघटनांनी 2020 मध्ये स्थूलपणाविषयीच्या कलंकाविरुद्ध संयुक्त निवेदन काढले, त्यात हाच मुद्दा होता: वजन केवळ इच्छाशक्तीवर ठरते ही समजूत शास्त्राला धरून नाही, आणि ती रुग्णांना उपचारापासून दूर लोटते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. भीती गेली तर माणूस बेफिकीर होईल. थोडा धाक हवाच. आक्षेपात तथ्य इतकेच की सावधपणा हवा. पण सावधपणा आणि धाक एकच आहेत, हे गृहीत धरता येत नाही. ऱ्होड आयलंडमधल्या रेना विंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजनाच्या किमान दहा टक्के घट साधलेले 314 लोक त्यात होते. त्यांनी ती शस्त्रक्रियेने साधलेली नव्हती, हे लक्षात ठेवू. तरी प्रश्न तोच आहे. त्यांच्यातल्या काही गटांना रोज वजन करायला सांगितले आणि आकड्यांचे हिरवा, पिवळा, लाल असे पट्टे ठरवून दिले. हिरव्यात असाल तर शाबासकी, पिवळ्यात गेलात तर खाण्या-चालण्यात कोणता बदल करायचा ते ठरलेले, लाल आला तर मदतनीसाशी संपर्क. दीड वर्षात नुसती माहितीपत्रके मिळालेल्या गटातल्या 72 टक्के लोकांचे वजन 2.3 किलो किंवा अधिक वाढले. प्रत्यक्ष भेटीगाठींच्या गटात हे प्रमाण 46 टक्के होते. रोज वजन केल्याने त्यांच्या मनावर वाईट परिणाम झाल्याचेही आढळले नाही. तोच काटा एकाला छळतो आणि दुसऱ्याला सांभाळतो, याचे कारण दुसऱ्याला आकडा दिसल्यावर पुढे काय करायचे हे माहीत असते. धाक फक्त काहीतरी वाईट होणार एवढेच सांगतो. योजना सांगते की अडीच किलोला अमुक व्यक्तीला फोन करायचा आणि पाच किलोला तपासणी करून घ्यायची. हे आकडे प्रत्येकाच्या शरीराप्रमाणे, डॉक्टरांसोबत, वजन तळाशी असतानाच ठरले पाहिजेत. ज्यांना रोजचा आकडा खरोखरच झेपत नाही त्यांनी आठवड्यातून एकदा पाहावा. त्यात कमीपणा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो डॉक्टरांकडून येतो: वजन परत येते असे आधीच सांगितले तर ज्यांना शस्त्रक्रियेची खरी गरज आहे तेच मागे फिरतील. मागे फिरणारे काही असतीलही. पण खोट्या अपेक्षेची किंमत काय असते हे 1997 मधल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका अभ्यासाने दाखवले. आहार-व्यायामाच्या उपचारासाठी आलेल्या साठ स्त्रियांना आपले वजन सरासरी 32 टक्क्यांनी घटावे असे वाटत होते. जवळपास वर्षभरात सरासरी 16 किलो कमी झाले. वैद्यकीय दृष्टीने हे उत्तम यश, तरीही त्यांच्यापैकी 47 टक्के जणी स्वतःच आधी 'इतके झाले तर निराशा होईल' असे म्हटलेल्या आकड्यापर्यंतही पोचल्या नाहीत. म्हणजे उपचाराने काम केले आणि रुग्ण मात्र हरल्याच्या भावनेने घरी गेला. रुग्णालयांच्या जाहिरातींत 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे असतात. 'नंतर'चे छायाचित्र सहसा तळाच्या सुमाराचे असते. सातव्या वर्षीचे छायाचित्र जाहिरातीत लावले तर ते कमी आकर्षक दिसेल, पण ते पाहून आलेला रुग्ण सातव्या वर्षीही डॉक्टरांसमोर न संकोचता येऊ शकेल.

मग इतके करून शस्त्रक्रिया करायचीच कशाला, असेही कोणी विचारेल. याचे उत्तर काट्याच्या बाहेर आहे, आणि आपल्यासाठी ते विशेष महत्त्वाचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचे छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3; पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. भारतीय शरीर कमी वजनातही जास्त चरबी बाळगते, म्हणूनच मधुमेह आपल्याला लवकर गाठतो आणि शस्त्रक्रियेच्या बीएमआयच्या अटीही आशियाई लोकांसाठी खाली आणलेल्या आहेत. आपल्या बाबतीत वजनाचा आकडा आरोग्याविषयी अर्धीच माहिती देत असेल, तर त्याच्या चार किलोच्या चढउतारावर सगळ्या आयुष्याचा निकाल लावणे अधिकच चुकीचे ठरते. तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब, कंबरेचा घेर, झोपेतला श्वास, गुडघे हे सगळे त्या निकालात धरायला हवेत. स्वीडनच्या अभ्यासात मधुमेह दोन वर्षांनी 72 टक्के रुग्णांमध्ये आटोक्यात होता; पंधरा वर्षांनी हे प्रमाण 30 टक्क्यांवर आले. ही घसरण मोठी आहे आणि ती लपवू नये. पण त्याच रुग्णांत डोळे, मूत्रपिंड, नसा यांच्यावरचे मधुमेहाचे दुष्परिणाम शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत सुमारे निम्मेच झाले. मधल्या वर्षांत शरीराला मिळालेला विसावा वजनाबरोबर परत जात नाही.

आणि वजन खरोखरच जास्त वाढले तर? तेव्हाही दार बंद झालेले नसते. हृदयाची बायपास झालेला माणूस पुढे आयुष्यभर रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी घेतो, तेव्हा शस्त्रक्रिया फसली असे कोणी म्हणत नाही. स्थूलपणालाही हाच न्याय लागू व्हावा. कधी स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर करावे लागते. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही इंजेक्शने 2025 पासून वजन घटवण्यासाठी भारतात अधिकृतपणे मिळू लागली आहेत, आणि शस्त्रक्रियेनंतर वाढलेल्या वजनासाठीही अशा औषधांचा वापर होतो. ही औषधे थांबवली की वजन परत येते, हे त्यांच्या स्वतःच्या चाचण्यांनीच दाखवले आहे. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परतला. कोणत्याही मार्गाने उतरवलेले वजन शरीर परत मागते, याचा यापेक्षा ठळक पुरावा नको. हा आजार दीर्घकाळ चालणारा आहे. त्यावर एकापेक्षा जास्त उपचार, एकापेक्षा जास्त वेळा लागणे हे त्याच्या स्वरूपातच आहे.

म्हणून संमतिपत्रावर सही घेण्याआधी रुग्णाला आणि त्याच्यासोबत आलेल्या घरच्यांना बारा वर्षांचा आलेख दाखवला जावा, आणि त्यावर तळ कुठे येतो, चढ कुठे येतो हे बोट ठेवून सांगितले जावे. घरच्यांना हे दाखवणे रुग्णाला दाखवण्याइतकेच गरजेचे आहे, कारण तिसऱ्या वर्षी टोमणा मारायचा की मारायचा नाही हे तेच ठरवणार असतात. आहारतज्ज्ञ आणि समुपदेशक यांच्या भेटी पहिल्या वर्षात संपू नयेत. दुसऱ्या ते सहाव्या वर्षातच त्या सर्वांत जास्त लागतात, आणि त्यांचे शुल्क शस्त्रक्रियेच्या पॅकेजमध्येच धरलेले असावे, म्हणजे पैशांच्या संकोचाने कोणी थांबणार नाही. आणि तपासणीला यायचा थांबलेल्या रुग्णाला रुग्णालयाने स्वतःहून फोन करावा. त्या फोनवर पहिला प्रश्न वजनाचा नसावा. झोप लागते का, व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत का, चालणे होते का, घरात सगळे ठीक आहे का, हे आधी विचारावे. वजन किती झाले ते रुग्ण मग बहुधा स्वतःच सांगेल.